चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजायला शिकायचं कसं?

प्रश्न: आजोबांच्या पेटीत जर्मनीतल्या सोलिंगेनचा जुना वस्तरा सापडला. धार लावणाऱ्या एका जाणकाराकडून तो तयार करून आणला. पहिली दाढी सुरेख झाली. मग अडीच इंच रुंदीचा चामड्याचा पट्टा मागवला आणि व्हिडिओ बघून परजायला लागलो. चौथ्या दिवशी पट्ट्याला दोन ठिकाणी चीर गेली आणि वस्तरा केस ओढायला लागला. सलूनवाल्याला विचारलं तर म्हणाला, आम्ही ब्लेड बदलतो, पट्टा कधी हातात धरला नाही. हे घरच्या घरी शिकता येतं का?

उत्तर: येतं. पहिली दाढी सुरेख झाली याचा अर्थ पोलाद चांगलं आहे आणि धारही बरोबर लागली होती. ती पुढच्या तीन-चार दिवसांत पट्ट्यावर गेली. नवशिक्यांचे जे वस्तरे माझ्याकडे परत येतात, त्यांतल्या बहुतेकांचं हेच झालेलं असतं. त्यामुळे वस्तऱ्याला दोष देऊ नका आणि दुसरा वस्तराही घेऊ नका.

माझ्या वडिलांचं साताऱ्यात केशकर्तनालय होतं. मी सतराव्या वर्षी त्यांच्याकडे परजायला शिकलो आणि गेली तीस वर्षं लोकांचे वस्तरे धार लावून देतो. तुमच्या सलूनवाल्याला पट्टा ठाऊक नाही यात त्याचा काही दोष नाही. एड्सबद्दल जागृती झाली तसा दुकानांतून पक्का वस्तरा गेला आणि अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा आला. एका गिऱ्हाइकाला एक ब्लेड, झालं की फेकून द्यायचं. हे योग्यच झालं. पण त्याबरोबर धोकटीतला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड गेला, खिडकीच्या कडीला लटकणारा पट्टा गेला आणि परजण्याचा हातही एका पिढीत गेला. आज चाळिशीच्या आतल्या कारागिरांपैकी फार थोड्यांनी पट्टा वापरला असेल. तुमचा वस्तराही तुमच्यापुरताच ठेवा, घरातल्या दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका.

आता परजण्यात नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. दगडावर धातू घासला जातो आणि धार तयार होते. नुसत्या चामड्यावर धातू जवळजवळ जात नाही. दाढी झाल्यावर धारेची अगदी शेवटची कड, जी एका मायक्रॉनहूनही पातळ असते, ती जागोजागी किंचित वाकलेली असते, तिच्यावर साबणाचा आणि पाण्याचा अंश बसलेला असतो. चामडं ती कड पुसून सरळ करतं आणि गुळगुळीत करतं. म्हणजे पट्टा असलेली धार राखतो, नसलेली आणून देत नाही. ‘वस्तरा लागत नाही, जरा जोरात परजू या’ असा विचार मनात आला की थांबायचं.

वस्तऱ्याचं पातं हातात धरून नीट बघा. पाठ जाड असते, चार-पाच मिलिमीटर. पातं बहुधा पाच सूत रुंद, म्हणजे साधारण सोळा मिलिमीटर. पातं पट्ट्यावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी चामड्याला टेकतात, आणि पाठीच्या जाडीमुळे धारेचा कोन आपोआप ठरतो, सोळा-सतरा अंशांच्या आसपास. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो कारागिराने घडवतानाच बसवलेला असतो. तुम्हाला कोन धरायचाच नाही, फक्त पाठ चामड्यावरून उठू द्यायची नाही. जाताना, येताना, वळवताना, पाठ टेकलेलीच राहिली पाहिजे. परजण्यातलं निम्म्याहून जास्त शिकणं एवढ्यातच आहे. पाठ केसभर उचलली गेली तरी धार चामड्यात उभी रुतते आणि तिची कड गोल होते.

दिशा तर तुम्हाला ठाऊक असेलच: पाठ पुढे, धार मागे. पट्ट्याचं लांबचं टोक कडीला अडकवलेलं, जवळचं टोक डाव्या हातात. वस्तरा तुमच्यापासून दूर जाताना पाठ पलीकडे असते आणि धार तुमच्याकडे. परत येताना उलट.

आता वळण. तुमच्या पट्ट्यावरच्या दोन्ही चिरा बघा. माझा अंदाज आहे की त्या पट्ट्याच्या मधोमध नसून टोकांजवळ असतील. पट्टा तिथेच कापला जातो, कारण पातं पुरतं वळायच्या आधीच हात परत निघतो. पाठ अजून मागे आणि धार पुढे, अशा स्थितीत दोन मिलिमीटर सरकलं तरी धार चामड्यात शिरते.

मी शिकत होतो तेव्हा मीही हेच केलं. वडील परजायचे तेव्हा ‘सप्‌-सप्‌, सप्‌-सप्‌’ असा आवाज यायचा, आणि मला तो आवाज काढायचा होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या पट्ट्याला बोटभर चीर पाडली. ते रागावले नाहीत. पट्टा काढून खुंटीवर ठेवला आणि माझ्या हातात सहा कडांची पेन्सिल दिली. म्हणाले, ‘‘आठ दिवस ही फिरव. मनगट हललं तर मला दिसेल.’’ पेन्सिल अंगठा आणि तर्जनी यांच्यात आडवी धरायची, टेबलावर टेकवायची, आणि नुसत्या दोन बोटांनी अर्धा वळसा पुढे, अर्धा वळसा मागे. कोपर स्थिर, मनगट स्थिर. सुरुवातीला पेन्सिल उचलली जाते, तिरकी होते. चार-पाच दिवसांनी बोटांना समजतं की हे काम फक्त त्यांचं आहे.

वस्तऱ्यावर हेच करायचं. मूठ पात्याच्या रेषेत सरळ उघडा, म्हणजे मूठ आणि पातं मिळून एकच दांडी होते आणि बोटांत सहज फिरते. चिमूट पात्याच्या मानेवर, म्हणजे धार संपते आणि मूठ सुरू होते त्यामधल्या जाड भागावर. वस्तरा पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाशी गेला की थांबा. अगदी थांबा, श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. पाठ चामड्यावर तशीच टेकलेली. आता बोटांनी दांडी फिरवा: धार चामड्यावरून उठते, पाठीवरून गोल फिरून आकाशाकडे तोंड करते आणि पलीकडच्या बाजूला हलकेच टेकते. टेकली का? डोळ्यांनी बघा. मग परत या. गेलो, थांबलो, वळवला, टेकला, आलो. पहिले पंधरा दिवस प्रत्येक टोकाला हा थांबा हवाच. पुढे तो इतका लहान होतो की बघणाऱ्याला दिसत नाही, पण चांगल्या हातात तो असतोच. व्हिडिओतला वेग हा वर्षानुवर्षांच्या सवयीचा आहे, आणि धारेला त्या वेगाचा काही उपयोग नसतो.

धार कधीही खालून, म्हणजे धारेवरून वळवू नका. सवय लागताना चुकून असं एकदा जरी झालं तरी पट्टा आणि धार दोन्ही जातात.

वळणाच्या खालोखाल नुकसान करतो तो दाब. चामडं मऊ असतं. दाबलं की ते पात्याखाली खचतं आणि धारेच्या लगेच मागे वर उसळतं, आणि तेच धारेची कड घासून गोल करतं. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन साधारण पन्नास-साठ ग्रॅम असतं, तेवढा भार पुरतो. पण ‘हलक्या हाताने’ म्हणजे किती, हे नवशिक्याला कसं कळणार? यासाठी मी सगळ्यांना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यायला सांगतो. काट्यावर एक फळी ठेवा, फळीवर पट्टा आडवा पसरा, आकडा शून्य करा आणि त्यावर सावकाश परजा. घरी कुणाला तरी आकडा मोठ्याने वाचायला सांगा. पहिल्यांदा बहुतेकांचा आकडा तीन-चारशे ग्रॅमवर जातो आणि त्यांचा विश्वास बसत नाही. माझा आकडा शंभराच्या आत राहतो. दोन-तीन वेळा असं केलं की हाताला ते वजन कायमचं लक्षात राहतं. काही जाणते लोक याहून जरा दाबून परजतात आणि त्यांना ते साधतं, पण त्यांचा पट्टा ताणलेला असतो आणि पाठ कधी उठत नाही. तुम्ही तिथे घाई करू नका.

ताणाचं म्हणाल तर पट्टा मध्ये झुकता कामा नये. झुकलेल्या पट्ट्यावर पातं खोलगट जागेत बसतं आणि चामडं धारेभोवती वळतं. कडी बेंबीच्या उंचीला हवी, डावा हात घट्ट पण कोपर शरीराजवळ. खिडकीच्या गजाला पट्टा बांधू नका, गज अंगच्या अंगी फिरतो. डावा हात लवकर दुखत असेल तर सुरुवातीला पट्टा फळीवर ठेवूनच परजा, काही हरकत नाही.

तुमचा पट्टा अडीच इंची, आणि पात्याची धार त्याहून थोडी लांब असते. त्यामुळे पातं सरळ नेलं तर टोकाकडचा किंवा मानेकडचा भाग कोराच राहतो. निघताना मानेजवळचा भाग पट्ट्यावर ठेवा आणि जाता जाता वस्तरा किंचित स्वतःच्या उजवीकडे ओढत न्या, म्हणजे पोचताना टोकाचा भाग पट्ट्यावर येतो. परत येतानाही तसंच तिरकं. या तिरक्या चालीत एक धोका आहे, मूठ वर उचलली जाते आणि सगळा भार टोकावर येतो. टोकाजवळच वस्तरा ओढत असेल तर कारण हेच असण्याचा संभव जास्त.

किती फेऱ्या? जाऊन-येऊन एक फेरी धरली तर दाढीच्या आधी कापडावर वीस-पंचवीस आणि चामड्यावर पन्नास-साठ. कापड म्हणजे जाड कॅनव्हास किंवा लिनन, बऱ्याच पट्ट्यांना मागच्या बाजूला ते जोडलेलं असतं. तुमच्याकडे नसेल तर जुन्या जीन्सच्या पायाची लांब पट्टी धुऊन, इस्त्री करून वापरा, चांगलं काम देते. कापडावर साबणाचा अंश आणि बारीक गंज निघतो, चामड्यावर कड गुळगुळीत होते, म्हणून आधी कापड, मग चामडं. दाढी झाल्यावर पातं धुवा, मऊ कपड्याने पाठीकडून धारेकडे पुसा आणि कापडावर दहा फेऱ्या मारून कोरडं करा. वडील शेवटच्या पाच-सहा फेऱ्या तळहाताच्या जाड मांसल भागावर मारायचे. जुन्या कारागिरांची ती सवय असायची. तुम्ही करू नका. हात बसल्यावरही करायची गरज पडत नाही.

आणि आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. वस्तरा आत्ता लगेच धार लावायला पाठवू नका. धार गेलेलीच आहे, तर त्याच वस्तऱ्यावर शिकून घ्या, तुमच्याकडून आणखी फारसं काही बिघडणार नाही. हात कापू शकतो एवढं मात्र विसरू नका, दाढीला न लागणारा वस्तराही बोटाला लागतो. पट्टा बाजूला ठेवा. वर्तमानपत्राची लांब घडी करा, सात-आठ पदरांची, आणि ती सपाट फळीवर दोन्ही टोकांना चिकटपट्टीने ताणून बसवा. त्यावर रोज संध्याकाळी पन्नास फेऱ्या, सावकाश. कागद लगेच दाखवतो: वळण चुकलं की चीर, दाब जास्त झाला की सुरकुती, टोक रुतलं की सरळ ओरखडा. कागद कापला तर दुसरा घ्यायचा. सलग चार दिवस कागदावर एकही चीर आली नाही की वस्तरा पुन्हा त्याच माणसाकडे न्या आणि सांगा, ‘‘पट्ट्यावर कड गोल झालीय, शेवटच्या बारीक दगडावर फिरवून द्या.’’ बहुतेक वेळा तेवढंच पुरतं, सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. ज्यांनी ही वाट धरली त्यांचा दुसऱ्यांदा तयार केलेला वस्तरा महिनोन्‌महिने चालला आहे.

धार जागेवर आहे की नाही हे बघायला अंगठा धारेवरून ओढू नका. दिव्याखाली वस्तरा धार वर करून धरा आणि हळूहळू कलवा. चांगली धार दिसतच नाही. जिथे चमचमणारा ठिपका किंवा रेघ दिसेल तिथे कड सपाट झालीय किंवा टवका उडालाय. दुसरी खूण, हातावरच्या केसांची. कातडीपासून थोडं वर, केसांच्या शेंड्यांवरून पातं न्या. न वाकता केस तुटले तर दाढी होईल. दहा ते तीस पट दाखवणारं भिंग घेतलंत तर फार शिकायला मिळेल.

टवक्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हे नीट तपासलं. एका संशोधकाने साध्या रेझरने स्वतःची दाढी केली आणि वेळोवेळी पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. केस पोलादापेक्षा जवळपास पन्नास पटींनी मऊ, तरी धार नुसती झिजत नव्हती, तिला बारीक टवके उडत होते, आणि त्यात केस वाकून कोणत्या कोनात धारेवर येतो आणि पोलादाची आतली घडण त्या जागी कशी आहे याचा हात होता. त्यांचं काम रेझरच्या पात्यावरचं आहे, आपल्या कार्बन पोलादाच्या वस्तऱ्याला ते जसंच्या तसं लावता येणार नाही. पण माझ्या भिंगाखाली येणाऱ्या वस्तऱ्यांवरही टवके दिसतात, आणि टवका कुठलाही पट्टा भरून काढत नाही. तिथे दगडच लागतो. नीट परजूनही सलग तीन दाढ्या ओढू लागल्या तर वस्तरा दगडाकडे न्यायची वेळ आली. आठवड्याला तीन-चार दाढ्या करणारे माझ्याकडे सहा-आठ महिन्यांनी येतात.

पट्ट्याला चोळायच्या हिरव्या पेस्टबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सांगेलच. शुद्ध क्रोमियम ऑक्साइड, अर्ध्या मायक्रॉनचं, वेगळ्या पट्टीवर महिन्यातून एकदा दहा फेऱ्यांपुरतं ठीक. रोजच्या पट्ट्याला ते लावू नका, एकदा लावलं की निघत नाही, आणि पेस्ट धातू खाते. हार्डवेअरच्या दुकानातल्या हिरव्या कांडीत बऱ्याचदा ॲल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेलं असतं, ते वस्तऱ्याला भरड पडतं.

मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्याकडे लक्ष द्या. जून ते सप्टेंबर चामडं ओल धरतं, त्यावर पांढरी बुरशी येते आणि पातं दमट पट्ट्यावर अडखळत चालतं. पट्टा न्हाणीघरात टांगू नका. कोरड्या खोलीत हवेशीर लटकवा, बुरशी आली तर कोरड्या कपड्याने पुसा, उन्हात टाकू नका, चामडं कडक होऊन भेगाळतं. परजण्याआधी स्वच्छ कोरडा तळहात पट्ट्यावरून दहा-बारा वेळा फिरवा, एवढीच निगा रोज पुरते. वस्तऱ्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि खवट पडतं. आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची असेल तर तीही तपासा. ती जुनी होऊन कुजायला लागली की कापरासारखा वास येतो, आणि तिच्यातून निघणाऱ्या वाफा पात्याला गंजवतात. तसं असेल तर वस्तरा बंद डबीत न ठेवता उघड्यावर ठेवा आणि मूठ बदलून घ्या.

राहिला तुमचा कापलेला पट्टा. चीर आरपार गेली नसेल आणि कड वर आलेली नसेल तर तो वाया गेलेला नाही. कातरलेला पदर सुटा झाला असेल तर रबर-सोल्यूशनचा अगदी पातळ थर आत लावून दाबा, रात्रभर वजनाखाली ठेवा. सकाळी ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून चिरेभोवतीच हलक्या हाताने घासा, मग ८००. बोट फिरवल्यावर चीर दिसते पण लागत नाही, इथपर्यंत. धूळ ओल्या कपड्याने नको, कोरड्या कपड्याने पुसा. चिरेची एखादी कड पात्याला अडत असेल तर मात्र त्या पट्ट्यावर धार लावलेला वस्तरा चढवू नका. तो सरावाला ठेवा आणि दुसरा पट्टा घ्याल तेव्हा तीन इंची घ्या, त्यावर पातं सरळ जातं आणि तिरकी चाल लागत नाही.

पुन्हा दाढीला बसाल त्या दिवशी फक्त गालांवर वस्तरा चालवा. हनुवटी आणि गळा नेहमीच्या रेझरने करा, जवळ तुरटी ठेवा. गालावर ओढ जाणवली नाही तर पुढच्या वेळी गळ्याकडे या.